ऑडिट म्हणजे ऐकणं

ग्रहण लागतं, सुतक लागतं, दृष्ट लागते, आणि आपल्याकडे ऑडिटही लागतं. "आमच्या सोसायटीला ऑडिट लागलंय, पुढच्या आठवड्यात या." बडोद्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातल्या 'लागलंय'कडे लक्ष जायचंच बंद झालं होतं. मी ऑडिटर आहे. श्रावण सुरू झाला की रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, मांडवी अशी माझी फेरी सुरू होते, ती नवरात्राच्या आसपास संपते. एखाद्या संस्थेच्या दारात उभा राहिलो की आत कुजबुज होते, कपाटं उघडल्याचे आवाज येतात, चहा लगबगीनं पुढे येतो. समोरच्या माणसाला वाटत असतं, हा आता काहीतरी शोधून काढणार.

त्या शब्दाला ही भीती मुळात चिकटलेलीच नव्हती. 'ऑडिट'मध्ये शोधणं नाही, पकडणं नाही, छापा तर नाहीच. त्याचा साधा अर्थ आहे ऐकणं. एवढं एक कळलं तर हिशेब लिहिणाऱ्यांची निम्मी धास्ती कमी होईल, आणि आमचंही काम सुधारेल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा शब्द मुळापासून बघू.

लॅटिनमध्ये 'औदीरे' म्हणजे ऐकणं. ऑडिओ, ऑडिशन, ऑडियन्स, ऑडिटोरियम ही सगळी त्याच कुळातली मंडळी. ऑडिशनला गाणारा गातो आणि कुणीतरी बसून ऐकतं. ऑडिटोरियम म्हणजे ऐकायची जागा. ऑडिटर म्हणजे ऐकणारा. आता हिशेबाच्या कामात ऐकणारा कुठून आला?

मध्ययुगातल्या इंग्लंडमधला एखादा मोठा जमीनदार डोळ्यांसमोर आणा. जमिनी लांबलांब पसरलेल्या, प्रत्येक ठिकाणी एक कारभारी नेमलेला. हंगाम आटोपला की कारभाऱ्यानं मालकापुढे यायचं आणि सांगायचं: धान्य इतकं आलं, इतकं विकलं, इतकं बियाण्याला ठेवलं, मेंढ्या इतक्या मेल्या, मजुरी इतकी गेली. मालकाला बहुधा वाचता येत नसे; लिहिणं-वाचणं हे तेव्हा पाद्र्यांचं आणि कारकुनांचं काम होतं. मालक, किंवा त्यानं बसवलेली जाणती माणसं, हे सगळं कान देऊन ऐकायची, मध्येच अडवायची, "मागच्या साली तर इतक्या मेंढ्या होत्या" असं विचारायची, आणि पटलं की कारभाऱ्याला मोकळं करायची. या बैठकीचं नाव ऑडिट. कागद असला तरी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, म्हणजे काम अखेर कानाचंच.

राजाच्या खजिन्यातही हीच रीत होती. तिथला तपशील मला फार आवडतो म्हणून जरा थांबतो. शेरीफ म्हणजे परगण्याची वसुली करणारा अधिकारी, आपल्याकडच्या कमाविसदारासारखा. तो वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणाला, दरबारात हजर व्हायचा. समोर मोठं टेबल, त्यावर चौकटी-चौकटींचं कापड अंथरलेलं. त्या चौकटींवर सोंगट्यांसारखे गोटे मांडून पौंड, शिलिंग आणि पेन्स मोजले जायचे, कारण रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं महाकर्मकठीण. एकानं वाचायचं, एकानं गोटे सरकवायचे, शेरीफनं उत्तर द्यायचं. खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सगळं लिहून ठेवलंय. बुद्धिबळाच्या पटासारख्या त्या कापडावरूनच ब्रिटनच्या खजिन्याला 'एक्स्चेकर' हे नाव पडलं. सरकारी खर्च तपासणाऱ्या 'एक्स्चेकरच्या ऑडिटर'चा पहिला उल्लेख १३१४ सालचा आहे.

पैसे भरल्याची पावती म्हणजे लाकडाची काठी. तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळहाताइतकी रुंद, शंभराची अंगठ्याइतकी, विसाची करंगळीइतकी, आणि एका पौंडाची जवाच्या दाण्याइतकी. मग काठी उभी चिरायची, अर्धी भरणाऱ्याला आणि अर्धी खजिन्याला. पुढे कधी वाद झाला तर दोन्ही अर्धुकं एकमेकांना लावून बघायची. खाचा जुळल्या तर हिशेब खरा. अडाणी माणसालाही बोट फिरवून तपासता येईल अशी ही पावती होती. या काठ्या शेकडो वर्षं साठत गेल्या, आणि १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या निकालात काढायच्या म्हणून भट्टीत घातल्या, तर त्या आगीत ब्रिटनच्या संसदेची इमारतच जळाली.

जाता जाता आणखी एक. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या कॉलेजांत भाडेकरू ऑडिटच्या दिवशी खंड भरायला यायचे. त्या दिवसासाठी खास कडक बिअर मुरवलेली असे, तिला 'ऑडिट एल' म्हणत. म्हणजे ऑडिटचा दिवस सगळीकडेच सुतकासारखा नव्हता.

आता आपल्याकडे वळू, कारण बडोद्याच्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांवरच्या पाट्या वाचत चला: मुजुमदार, फडणीस, पोतनीस, चिटणीस, कारखानीस. आडनावं म्हणजे एकेकाळची कचेरीच. यातला 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. फर्द म्हणजे कागदाचा ताव. तो लिहिणारा फर्दनवीस, त्याचा झाला फडणवीस आणि पुढे फडणीस. पोतं म्हणजे खजिना, त्याची नोंद ठेवणारा पोतनीस. आणि मुजुमदार म्हणजे 'मजमू' राखणारा, एकूण जमेचा माणूस. मराठी राज्यकारभारात हिशेब आधी मुजुमदारानं मंजूर करायचे, त्यानंतरच ते फडणिसाच्या दफ्तरात जायचे. लिहिणारा वेगळा आणि मान्यता देणारा वेगळा, ही ऑडिटमधली सगळ्यात मोलाची गोष्ट. ती आपल्याकडे आडनावांत शिल्लक आहे.

तरीही मराठीनं या कामासाठी जे शब्द घडवले त्यांची ओढ कानाकडे नाही, डोळ्याकडे आहे. 'लेखापरीक्षण' फोडून बघा. परि अधिक ईक्षण, म्हणजे सगळ्या बाजूंनी बघणं. परीक्षा, निरीक्षण, समीक्षा, सगळ्यांत तोच 'ईक्ष्' धातू, पाहणं. 'झाडाझडती' तर त्याहून आक्रमक: झाडा घ्यायचा, झडती घ्यायची, झटकून काय पडतं ते बघायचं. इंग्रजी शब्द ऐकण्यातून आला आणि मराठी शब्द बघण्यातून. चांगल्या ऑडिटला दोन्ही लागतं. पण आपण शब्द घेतला ऑडिट आणि मनात अर्थ धरला झाडाझडतीचा, आणि घोळ तिथेच झाला.

शब्दांची चिंता बडोद्यानं पूर्वीही केली आहे. सयाजीराव महाराज बारा वर्षांचे असताना, १८७५ साली, कवळाण्याच्या शेतकरी घरातून इथे गादीवर आले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्याच महाराजांच्या राज्यात १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कोश निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द एका ओळीत मांडलेले. कचेरीतला शब्द रयतेला कळला पाहिजे यासाठी एका संस्थानानं इतकी मेहनत घ्यावी, याचा मला फार अभिमान वाटतो.

रोजच्या बोलण्यात मात्र 'ऑडिट' जिंकलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मराठीत तो नपुंसकलिंगी झाला: ते ऑडिट. ऑडिट होतं, लागतं, चालू असतं, 'ऑडिटमध्ये निघालं' म्हणतात. ऑडिट करणाऱ्याला ऑडिटर, आणि जरा राग असला तर 'ऑडिटवाले'. हे सगळं ठीक. एक वापर मात्र मला खटकतो. "साहेब, यंदाचं ऑडिट करून द्या" असं म्हणत कुणी पिशवीभर बिलं टेबलावर ओततो. त्याला हवं असतं हिशेब लिहून मिळणं. ते काम हिशेबनिसाचं. ऑडिटरनंच लिहायचं आणि ऑडिटरनंच तपासायचं, तर मुजुमदार आणि फडणीस एकच होतात.

दुसरा गैरसमज 'ऑडिट पास झालं' हा. ऑडिट ही पास-नापासाची परीक्षा नाही. ऑडिटर शेवटी एक मत देतो: हे हिशेब संस्थेचं खरं आणि वाजवी चित्र दाखवतात की नाही. त्या मताला इंग्रजीत जी विशेषणं लागतात त्यांनी भलेभले फसतात. नोकरीच्या जाहिरातीत 'क्वालिफाइड' म्हणजे पात्र, चांगला. ऑडिटच्या अहवालात 'क्वालिफाइड' म्हणजे शर्तीचं मत: बाकी ठीक, पण अमुक एक गोष्ट सोडून. 'अनक्वालिफाइड' म्हणजे बिनशर्त, स्वच्छ. अहवालात 'अनक्वालिफाइड' वाचून घाबरलेले आणि 'क्वालिफाइड' वाचून पेढे वाटायला निघालेले अध्यक्ष मी दोन्ही पाहिलेत. याच्या पुढची पायरी 'ॲडव्हर्स', म्हणजे चित्र खरं नाहीच. आणि शेवटची 'डिस्क्लेमर', म्हणजे मत द्यायला पुरेसे कागदच मिळाले नाहीत.

ऐकणं म्हणजे नेमकं काय, हे मला पुस्तकातून कळलं नाही. आर्टिकलशिपचं, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीचं, पहिलं वर्ष होतं. आमच्या सरांनी मला रावपुऱ्याच्या एका बोळातल्या छोट्या मराठी मंडळात नेलं. वरच्या मजल्यावर वाचनालय, खाली गणपतीच्या दिवसांत कार्यक्रम. खजिनदार होते सत्तरीतले एक काका, निवृत्त कारकून, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या रोजच्या जमाखर्चाच्या वहीला आम्ही रोजकीर्द म्हणायचो, ते बडोद्याच्या रिवाजाप्रमाणे रोजमेळ म्हणायचे. पेटीतली रोकड मोजली तर रोजमेळातल्या शिलकेपेक्षा २७० रुपये कमी.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि म्हणाले, "माझ्याच हातून कुठंतरी गेले असतील. मी घालतो." सरांनी त्यांचा हात धरला. "काका, पैसे नका घालू. पैसे घातले तर चूक वहीत तशीच राहील. तुम्ही व्हाउचर वाचा, हा रोजमेळावर बोट ठेवून ऐकेल."

मग काका वाचायला लागले. चष्मा नाकावर, व्हाउचरांची गड्डी डाव्या हातात, आणि प्रत्येक कागदामागची हकिकत तोंडात. "मूर्तीचे. हार-फुलं, खंडेराव मार्केटमधून आणली, त्या वर्षी झेंडू महाग होता. तबलेवाल्याचं मानधन, तो घेत नव्हता, बळंच दिलं." मी एकेका रकमेवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करत होतो. "मंडप, सहाशे तीस." माझं बोट ज्या ओळीवर होतं तिथे लिहिलं होतं ३६०.

त्या दिवशी घरी जाताना सरांनी सांगितलं की २७० ऐकल्याबरोबर त्यांना शंका आली होती. २७० ला ९ नं भाग जातो. आकडे उलटेपालटे झाले की फरकाला नेहमी ९ नं भाग जातो. बघा कसं ते: ६३० मधला ६ शतकाच्या घरात असताना ६०० चा असतो, दशकाच्या घरात सरकला की ६० चा होतो, म्हणजे ५४० घटले. ३ मात्र ३० चा ३०० झाला, म्हणजे २७० वाढले. आकडा एक घर सरकला की त्याची किंमत दहापट होते किंवा एक दशांश उरते, म्हणून जी वाढ-घट होते ती ९ च्याच पटीत असते. शाळेत आपण बेरजेचा ताळा बघायचो, अंकांची बेरीज करून ९ टाकून द्यायचो, तो ताळा इथे आंधळा ठरतो. ६ अधिक ३ केले काय आणि ३ अधिक ६ केले काय, उत्तर ९ च. 'ताळेबंद' आणि 'ताळमेळ' बोलताना आपल्या तोंडी असलेला हाच ताळा, पण त्याच्याही एका चुकीवर कान ठेवावा लागतो.

पण त्या दिवसाची खरी शिकवण मंडपाच्या ओळीत नव्हती, तिच्या खालच्या ओळीत होती. काका पुढे वाचत होते: "मंडपवाल्याला आणखी पाचशे." रोजमेळात खर्चाच्या बाजूला ५००, व्हाउचर ५०० चं, मंडपवाल्याची सही. आकडा जुळला, मी खूण केली. काका मात्र वाचता वाचता स्वतःशीच बोलले, "ते द्यायचेत अजून त्याला परत. खुर्च्या मोडल्या तर म्हणून ठेवले होते. एकही मोडली नाही." सरांनी मान वर केली. ते ५०० खर्च नव्हतेच, अनामत होती. मंडळाचे पैसे मंडपवाल्याकडे पडून होते, आणि कागद सगळे जागच्या जागी असूनही वही सांगत होती की ते गेले. दुरुस्तीची एक नोंद झाली, ५०० रुपये खर्चातून उचलून 'येणे' बाजूला आले, आणि पुढच्या आठवड्यात काकांनी ते मंडपवाल्याकडून आणलेही. नुसतं बघत बसलो असतो तर कधीच कळलं नसतं. ज्यानं व्यवहार केला त्यालाच ठाऊक असतं की कागदामागे काय घडलं, आणि तो ते सांगतो ते फक्त कुणी ऐकायला बसलं असेल तेव्हा.

मग ऐकलं की संपलं का? नाही. ऐकलेलं दुसऱ्या तोंडून पडताळावं लागतं. १८९६ साली इंग्लंडमध्ये किंग्स्टन कॉटन मिलचा खटला झाला. गिरणीच्या व्यवस्थापकानं वर्षानुवर्षं सूत आणि कापसाचा साठा फुगवून सांगितला आणि ऑडिटरांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला. न्यायमूर्ती लोप्स यांनी ऑडिटरांना दोषी धरलं नाही. ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असं ते म्हणाले. आमच्या धंद्यात हे वचन आजही पाठ असतं. मला ते अर्धंच पटतं. राखणदार कुत्र्यालाही अनोळखी पावलांचा आवाज ओळखता आला पाहिजे.

पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधांच्या कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं. जवळपास २ कोटी डॉलरचा माल आणि येणी नुसती कागदावर होती. गोदामं होतीच कुठे! तेव्हापासून ऑडिटरनं साठ्याची मोजणी प्रत्यक्ष हजर राहून बघायची आणि येणेकऱ्यांना परस्पर पत्र लिहून "तुम्ही इतके देणं लागता, बरोबर का?" असं विचारायचं, हे नियमातच आलं. आपल्याकडे जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की वहीतली सुमारे ५,००० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. बँकेतली शिल्लक थेट बँकेला विचारून घ्यायची, कंपनीनं हातात दिलेल्या कागदावर थांबायचं नाही, हा धडा त्यानंतर आमच्यापैकी कुणालाही नव्यानं सांगावा लागला नाही. त्या मंडळात आम्ही मंडपवाल्याकडे निरोप पाठवून ५०० ची खातरजमा केली, तेही याच जातीचं काम, लहान प्रमाणात.

सगळं तपासायचं म्हटलं तर मोठ्या संस्थेत जन्म जाईल, म्हणून नमुने घेतात. भाताचं शीत चेपून बघतो तसं. फक्त एक काळजी: शितं एकाच कडेची नकोत. मोठ्या रकमा, वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातल्या नोंदी, रोखीतले व्यवहार, गोल गोल आकडे, इथे जास्त बोट ठेवायचं. म्हणून ऑडिट झालं म्हणजे एक पैशाचीही चूक राहिली नाही, अशी हमी कुणी देत नाही, देऊही नये.

आपल्या देशात कंपन्यांना ऑडिट सक्तीचं झालं ते १९१३ च्या कायद्यानं. सरकारी खर्चाचं त्याहून जुनं: १८६० साली एडमंड ड्रमंड हे पहिले ऑडिटर जनरल झाले, आणि त्याची आठवण म्हणून आता १६ नोव्हेंबर हा ऑडिट दिवस पाळतात. संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकाविषयी म्हटलं होतं की राज्यघटनेतला हा कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. म्हणूनच त्याला पदावरून काढायची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकीच अवघड ठेवली आहे. ज्याच्या खर्चाचा हिशेब ऐकायचा, त्याच्याच मेहेरबानीवर ऐकणारा जगत असेल, तर त्याला ऐकू येईनासं होतं. गल्लीतल्या सोसायटीलाही हेच लागू. सचिवाच्या मेहुण्याला ऑडिटर नेमू नका.

आम्हा सनदी लेखापालांची, म्हणजे सीएंची, संस्था १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हात गरुड आहे आणि कठोपनिषदातलं वचन आहे: 'य एष सुप्तेषु जागर्ति', सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. हे बोधचिन्ह संस्थेला श्रीअरविंदांकडून मिळालं. आणि श्रीअरविंद १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षं बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. सुरुवातीला तर त्यांच्याकडे महसुली खात्याचं काम होतं, पुढे ते कॉलेजात शिकवायला लागले. दांडिया बाजारातल्या त्यांच्या निवासावरून मी आठवड्यातून दोनदा जातो. पिशवीत दुसऱ्याचे हिशेब असतात तेव्हा तिथे पाऊल जरा सावकाश पडतं.

अलीकडे हा शब्द हिशेबाच्या बाहेर पडलाय. फायर ऑडिट, स्ट्रक्चरल ऑडिट, एनर्जी ऑडिट, पाण्याचं ऑडिट. यांत पैसा नाही, तरी शब्द बरोबर आहे, कारण गाभा तोच: आधी ठरलेलं एक माप हवं, काय घडतंय याचं म्हणणं हवं, आणि त्या दोहोंची सांगड घालणारा तिसरा, स्वतंत्र माणूस हवा. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारा अभियंता खांबावर हातोडी मारतो आणि आवाज ऐकतो. पोकळ वाजलं की आत काँक्रीट सुटलंय. हे बघताना मला दर वेळी त्या जुन्या लॅटिन शब्दाची आठवण येते. चौकशीत मात्र गुन्ह्याचा संशय आधीच असतो, आणि तपासणीत वरच्यानं खालच्याचं काम बघायचं असतं. या दोन्हींना ऑडिट म्हणू नये.

या शब्दाला त्याचा जुना अर्थ पुरता परत मिळाला तो मात्र राजस्थानातल्या एका खेड्यात, आणि तो मिळवून दिला हिशेबातल्या पदव्या नसलेल्या लोकांनी. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराणा गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 'जनसुनवाई' भरवली. सरकारी कामांचे हजेरीपट मिळवून ते गावासमोर मोठ्यानं वाचायचे, एवढाच कार्यक्रम. अमक्यानं इतके दिवस काम केलं, इतकी मजुरी घेतली. आणि मंडपातून माणसं उठून सांगायची, मी तिथे कामाला गेलोच नव्हतो. कागद नीट होता, सह्या-अंगठे होते, शिक्के होते. डोळ्यांनी बघणाऱ्याला त्यात काही सापडलं नसतं. वाचून दाखवल्यावर सापडलं, कारण ऐकणारे तेच होते ज्यांच्या नावानं पैसे निघाले होते. याच चळवळीतून पुढे २००५ चा माहितीचा अधिकार आला, आणि त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेनं सोशल ऑडिट करायची तरतूद झाली. सुनवाई, सुनावणी, ऑडिट: तीन भाषांतला एकच शब्द.

आता बहुतेक ठिकाणी रोजमेळ संगणकात असतो. आकडे उलटेपालटे व्हायचं प्रमाण कमी झालंय, बेरीज तर चुकतच नाही. अनामत मात्र अजूनही खर्चात पडते, कारण संगणकाला खुर्च्यांची गोष्ट ठाऊक नसते. म्हणून छापील पानं पुढे आली तरी मी खजिनदारांना सांगतो, थोडं वाचून दाखवा. सुरुवातीला अवघडतात. चौथ्या-पाचव्या नोंदीला हकिकत सुरू होते.

रावपुऱ्याच्या त्या मंडळात दुसऱ्या वर्षी गेलो, तेव्हा रोजमेळ उघडून ठेवलेला होता आणि व्हाउचरं तारखेवार लावलेली होती. काकांनी या वेळी पाण्याचा तांब्या आमच्यापुढे न ठेवता स्वतःजवळ ठेवला होता. मी बघतोय हे बघून म्हणाले, "वाचायला घसा लागतो."